वेचताना लागली

नाही, सूर्यभानजी, बसा — ती पराणी दाराशी टेकवा, इथं हाकायला बैल नाहीत — बसा म्हणतो ना. तुमच्या कारभारीण पार्बताबाई आतल्या खोलीत आहेत, डोळ्यावर पट्टी बांधलीय. त्या येत नाहीत. आधी ही चित्रं पाहा. माझीच, दुसऱ्या कोणाची? मुंबईत शिकलो तेव्हापासूनची खोड — रोग्याला खिडकीसमोर बसवायचं, भिंग धरायचं आणि बुबुळावर खिडकीचे सात गज कसे उमटतात ते काढून ठेवायचं. बुबुळ धड, तर गज सरळ. हे मार्गशीर्षातलं, उजवा डोळा — दोन गज वाकलेत. तेव्हाच जपलं असतं तर बरा होता. हे पौषातलं — गज तुटले, जखम चिघळली. हे फाल्गुनातलं — गजच नाहीत. फूल पडलं. गेला तो डोळा.

आणि हा आजचा, डावा. एकच गज वाकलाय. एकच! हा वाचेल — मी चुकत नसेन तर — चुकतो मी, पुष्कळदा चुकतो, पण इथं नाही. पऱ्हाटी, कपाशीची काटकी, लागली म्हणता? त्याही तेच म्हणाल्या, "वेचताना पऱ्हाटी लागली जी." शब्द न् शब्द मार्गशीर्षातलाच. अहो, ज्येष्ठ चाललाय! कापूस कधीच अमरावतीच्या बाजारात गेला, त्या अमेरिकेतल्या लढाईच्या भावानं तुम्ही बैलांची शिंगं चांदीनं मढवलीत, वावर नांगरून पडलंय — वेचताना काय, ढेकळं? नवं खोटं तरी शिकवायचंत!

ओरडू नका. पऱ्हाटीचा ओरखडा लांब असतो. हे टिंब आहे, पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते ना, तिच्याएवढं. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मग? मग काय — तिन्ही चित्रांखाली माझ्याच अक्षरात "वेचताना" लिहिलंय, आणि तीनदा त्यांना अकोल्याहून तुमच्याच गाडीत बसवून दिलं. का? कारण असं वाक्य कसं शिकवतात ते मला ठाऊक आहे. केस धरून. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. माझ्या बायकोचं, गोदावरीचं, होतं, "रहाटाचा दोर तुटून लागला." पितळेची दौत होती, मी फेकलेली — चौदा वर्षं म्हणत राहिली, मी घरात नसतानासुद्धा, मरताना वैद्यालासुद्धा — हे मी तुम्हाला का सांगतोय?

उचललीत पराणी? मारा. माझे डोळे म्हातारे, काय जाणार? पण आतल्या खोलीच्या दाराची कडी आतून आहे, आणि ती मी नाही लावली.

थांबा. ऐकलंत? आतून काय म्हणाल्या त्या? पऱ्हाटी नाही — पराणी म्हणाल्या. पराणी.

आजच्या चित्राखाली तेच लिहू द्या मला. निघा तुम्ही.