कापसाच्या खोलीतला पेपर

भगवानराव: नजीरभाई, एकतीस वर्षं मास्तरकी केली. त्यातली नऊ बोर्डाच्या भरारी पथकात. या डोळ्यासमोरून एक कॉपी सुटली नाही.

नजीर: तरी तुमच्या शाळेचा निकाल दरसाल शंभर टक्के कसा लागे, गुरुजी?

भगवानराव: आमच्या शाळेवर दुसरं पथक येत होतं. विषय बदलू नका. चहा घ्या. अख्ख्या मारेगावात या प्रकरणातले तज्ज्ञ तुम्ही एकटे, म्हणून बोलावलं.

नजीर: मी बँडवाला माणूस. तज्ज्ञ कायचा?

भगवानराव: सॅक्सोफोन वाजवता न? आमच्या प्रेरणाचं पहिलं बोट त्या वाद्यावर तुम्हीच ठेवलं. म्हणजे तुम्ही तज्ज्ञ, अन् थोडेसे आरोपी पण.

नजीर: पण पोरीनं केलं काय?

भगवानराव: तेच समजून नाही राह्यलं. दीड वर्ष झालं, बंगलोरच्या विद्यापीठात एम.ए. करून राह्यली. विषय काय, तर जॅझ. त्यातही मुख्य पेपर, 'प्रगत उत्स्फूर्त वादन'. हा पाहा अभ्यासक्रम. तिच्या बॅगेत सापडला.

नजीर: सापडला का काढला?

भगवानराव: बॅग उघडीच होती. चेन तेवढी लावेली होती. कलम चार वाचा.

नजीर: इंग्रजी हाय हे.

भगवानराव: मी भाषांतर करतो. 'परीक्षार्थ्याने आयत्या वेळी सुचेल ते वाजवणे अपेक्षित आहे.' आयत्या वेळी! सुचेल ते! ज्याच्यासाठी मी पोट्ट्यायले एकतीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं, त्याची तिथं पदवी भेटते.

नजीर: आमच्या धंद्यात तर...

भगवानराव: थांबा, पुरावे संपले नाहीत. हे तिच्या वहीचं पान. वर दोन ओळी सूर, अन् खाली साऱ्या तिरप्या रेघा. कोरी उत्तरपत्रिका! शिकवणारा कायतरी शिकवत असता तर पोरीनं लिहून नसतं घेतलं? अन् रियाज कुठं करते? कापसाच्या खोलीत. विकायचा राह्यलेला कापूस छतापर्यंत भरला आहे, त्याच्यात घुसून वाजवते. माणूस असा घुसून कवा बसते? कायतरी लपवायचं असलं तवाच न?

नजीर: मंग तुम्ही काय केलं?

भगवानराव: तीन दिवस दाराच्या फटीले मोबाइल लावला. धून एकच. पण तीन दिवस तीन प्रकारे वाजली. पाठ असती तर सारखी नसती आली? दीड वर्षात एक धून पाठ नाही, नजीरभाई! प्रेरणा! बाहेर ये!

प्रेरणा: आली, आली. ओरडू नका न बाबा, कानात कापूस गेला. अरे, नजीरचाचा! तुम्ही कवा आले?

नजीर: मी आलो नाही बेटा, मले बोलावलं.

भगवानराव: त्या खुर्चीवर बस. तुझं म्हणणं असं की शनिवारी तुले बंगलोरले जायचं आहे. कॉलेज सुरू व्हायले दोन हप्ते बाकी असताना. काहून?

प्रेरणा: काम आहे.

भगवानराव: नाव काय?

प्रेरणा: कोणाचं?

भगवानराव: कामाचं.

प्रेरणा: बाबा, तुम्हाले वाटते तसं काही नाही.

भगवानराव: मले काय वाटते ते मी अजून बोललोच नाही, तुले आधीच कसं माहीत? नजीरभाई, हे ध्यानात ठेवा. पोरी, समाधानकारक उत्तर भेटलं तर शनिवारी जा. नाही तर बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला आहे, सही कर अन् मोकळी हो.

प्रेरणा: विचारा.

भगवानराव: कापसाच्या खोलीत काहून बसते?

प्रेरणा: तिथं आवाज घुमत नाही. चूक झाली तर तशीच ऐकू येते, झाकली जात नाही. आमच्या विद्यापीठात अशा खोलीले चारी भिंतींनी फोम लावला आहे. आपल्या घरी हे आयतंच आहे.

भगवानराव: अन् रोज वेगळं काहून वाजते?

प्रेरणा: वेगळंच वाजवायचं असते. धून एकदा सांगायची, मग तिच्या चौकटीत राहून आपलं आपण बोलायचं. त्या तिरप्या रेघा कोऱ्या नाहीत. त्याचा अर्थ आता तुझी पाळी, बोल.

भगवानराव: ऐकलं? उत्तर तयारच होतं. इतकं तयार उत्तर खऱ्या माणसाजवळ नसते.

नजीर: गुरुजी, ते तीन दिवसाचं रेकॉर्डिंग लावा बरं. लाइनीनं.

प्रेरणा: रेकॉर्डिंग? कायचं रेकॉर्डिंग?

भगवानराव: आरोपीनं मधात बोलू नये. हे पहिल्या दिवसाचं.

नजीर: हां... चांगलं हाय. आता दुसरं. हां, सुरुवात निराळी. आता तिसरं लावा. थांबा. मागं घ्या जरा. परत. गुरुजी, गडबड हाय.

भगवानराव: होतीच न!

नजीर: पण तुम्ही म्हणता ती नाही. सुरुवात निराळी हाय, शेवट निराळा हाय. बीचमध्ये सूर खाली उतरते न, तिथं एक सूर घसरते. पैल्या दिवशी घसरला. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशी पण तिथंच.

भगवानराव: तीन पेपरात एकाच जागी एकच चूक?

नजीर: एकदम तीच.

भगवानराव: प्रेरणा, बरोबर उत्तर कोणाचंही सारखं येऊ शकते. चूक सारखी येत नाही. ही कॉपी आहे. कोणाची?

प्रेरणा: आधी तो मोबाइल बंद करा, बाबा.

भगवानराव: मी विचारून राह्यलो, कोणाची?

प्रेरणा: माझीच.

भगवानराव: म्हणजे?

प्रेरणा: मधला दीड पानाचा भाग मीच लिहिला अन् पाठ केला. आजूबाजूचं बदलते, तेवढं बदलत नाही. कोणाले समजणार नाही असं वाटलं होतं.

भगवानराव: स्वतःचीच कॉपी? नऊ वर्षांत अशी केस नाही पाहिली. पण काहून?

प्रेरणा: कारण डिसेंबरात मी त्याच पेपरात नापास झाली. सोमवारी फेरपरीक्षा आहे. डिसेंबरात बाहेरचे दोन परीक्षक बसले होते, ड्रम सुरू झाला, माझी पाळी आली, अन् मले काहीच सुचलं नाही. धुनीची अख्खी एक फेरी मी तोंडात वाद्य धरून नुसती उभी होती. पुन्हा तसं झालं तर वर्ष गेलं.

भगवानराव: नापास केलं तुले?

प्रेरणा: हो.

भगवानराव: सरळ नापास? ग्रेस मार्क नाही? फोन करून सांगितलं नाही, की या भेटून घ्या?

प्रेरणा: नाही, बाबा.

भगवानराव: वा! मग हे खरं विद्यापीठ आहे! नजीरभाई, मी उगाच वाईट वाटून घेत होतो. जिथं नापास करतात तिथं शिकवत असले पाहिजेत.

नजीर: गुरुजी, पोरगी रडायले आली अन् तुम्ही पेढे वाटता का काय?

भगवानराव: तसं नाही. पण पाठ केलं ते चांगलंच केलं न? पाठ करण्यालेच अभ्यास म्हणतात.

प्रेरणा: परीक्षकाच्या कानाले ते लगेच समजते. समजलं की नापास. चाचांले समजलं, त्यांले समजणार नाही?

भगवानराव: म्हणजे पाठ केलं तर नापास, अन् नाही केलं तर उभी राहून नापास. मग पास होणारी पोट्टी करतात काय?

नजीर: मी सांगू? मागल्या उन्हाळ्यात मुकुटबनले लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, आमचा बँड पुढं, मांडव शंभर कदमावर. तितक्यात नवरीचा मामा रुसला. मानाची टोपी हलकी देली म्हणे. सव्वा तास मनवणं चाललं. बँड थांबला तर नवरदेवाची इज्जत जाते. सव्वा तास एकच गाणं वाजवलं.

भगवानराव: लोकं कंटाळले असतील.

नजीर: एक माणूस नाही कंटाळला. कारण मी गाण्याकडं पाहतच नव्हतो, नाचणाऱ्याच्या पायाकडं पाहत होतो. पाय थकले का मी हलका. पाय उठले का मी वर. बेटा, तू परीक्षेत कुठं पाहत होती?

प्रेरणा: माझ्या बोटांकडं.

नजीर: बस. तो पाठ केलेला कागद इकडं दे. अन् सुराची पट्टी बदल, म्हणजे बोटांले जुना रस्ता सापडणार नाही. गुरुजी, टेबल वाजवा.

भगवानराव: मी? मले तालातलं काय समजते?

नजीर: शाळेत पी.टी. घेत होते न? तेच. एक, दोन, तीन, चार.

प्रेरणा: चाचा, बाबांच्या तालावर? ते आरतीत टाळ्या वाजवतात तर भटजी चुकतात.

नजीर: म्हणूनच. यायच्यासोबत वाजवलं तर बंगलोर सोपं हाय.

(टेबलावर थापा पडू लागतात. सॅक्सोफोन दोनदा सुरू होतो आणि दोनदा थांबतो. तिसऱ्यांदा थांबत नाही.)

नजीर: गुरुजी, पळू नका.

भगवानराव: मी नाही पळून राह्यलो. हात आपोआप पळून राह्यला.

नजीर: मंग पळू द्या. बेटा, बोटं सोड. बापाकडं पाह्य... हां. हां! पकडलं! आता सोडू नको...

भगवानराव: नजीरभाई, माझी थाप चुकली.

नजीर: चुकू द्या. पाहा तिनं काय केलं त्याचं... वा. वा, बेटा... वा.

भगवानराव: थांबली काहून?

प्रेरणा: तुम्ही थांबले न.

भगवानराव: मी कवा थांबलो? हात दुखून आला थोडा. ते मधात जे केलं तू, मी दोन थापा चुकीच्या मारल्या तवा, ते पुस्तकात होतं?

प्रेरणा: नाही. तुम्ही चुकले, म्हणून मी तिकडं वळली.

भगवानराव: हं. मले काही समजलं नाही, पण चांगलं होतं. नजीरभाई, शेरा द्या.

नजीर: पास. अन् मी कोणाले पास म्हणत नाही, आमच्या पोराले, शाहिदले विचारा. तीन साल झाले, माझ्याच बँडमध्ये खुळखुळा वाजवते.

भगवानराव: ठीक आहे. चौकशी संपली. प्रेरणा, तो बी.एड.चा फॉर्म ठेवून दे. शनिवारी मी स्वतः नागपूरपर्यंत येतो, गाडीत बसवून देतो. अट एकच. आता जे वाजवलं न, ते आत्ताच्या आत्ता कागदावर उतरव, शनिवारपर्यंत घोक, अन् सोमवारी परीक्षकासमोर जसंच्या तसं वाजव.

प्रेरणा: बाबा, आता काय वाजवलं ते मले आठवत नाही.