टिंब माणसासाठी की मशीनसाठी

काकू, मंगला, मालक, प्रेसमधली माझी जुनी माणसं आणि मोहल्ल्यातून आलेले सगळे, तुम्हाला नमस्कार. मला दोन शब्द बोल म्हणून उभं केलंय. पण मला बोलता येत नाही. मला दुसऱ्यानं लिहिलेलं मोठ्यानं वाचता येतं. या खोलीत मी तेवढंच काम केलं, आणि समोर नामदेवकाका बसून ऐकायचे. आज त्यांच्या खुर्चीत फोटो ठेवलाय. कोणाकडे बघून बोलू?

माझं नाव शंकर. मी आता वापीला असतो, केमिकलच्या कारखान्यात. तार मिळाली, गाड्या बदलत आलो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अंग मोडून आलंय. बोलण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

काका मूळचे उमरेडचे. घरात हातमाग होता. तो बंद पडला आणि ते इथं सदरला, या प्रेसमध्ये प्रूफ तपासायला लागले. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल. मी सहावीतून शाळा सोडलेला. इंग्रजी अक्षरं मी छपाईच्या खिळ्यांच्या खणांतून शिकलो. नुसती अक्षरं, अर्थ नाही. काकांना ते बरंच वाटायचं. म्हणायचे, "अर्थ लागला का माणूस घाई करते. तू वाच गा, मी ऐकतो."

आमची पद्धत तुमच्यातल्या काहींनी पाहिली आहे. मी मूळ कागद वाचायचो, काका प्रूफवर बोट सरकवायचे. कॉमा, फुलस्टॉप असं दर वेळी तोंडानं म्हणायला लागलं की घसा बसायचा. म्हणून बोटाच्या पेरानं टेबल वाजवायचं. कॉमाला एक टकटक, फुलस्टॉपला दोन. पान संपलं की मी थांबायचो आणि काका म्हणायचे, "हं, चाल समोर." त्याशिवाय मी पान उलटायचो नाही.

मग ते पुस्तक आलं. हिंगण्याच्या एका कंपनीचं, कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटरच्या कामात चूक कुठं आहे ते शोधून देणारा एक प्रोग्राम असतो म्हणे, डीबगर. तो कसा वापरायचा, त्याचं पुस्तक. काका हसले. "शंकर, चुका शोधणाऱ्याच्या चुका आपण शोधून राहिलो!"

आणि चूक आम्हीच केली. आपल्या प्रेसची सवय तुम्हाला ठाऊक आहे. ओळ संपली की टिंब. लग्नपत्रिकेत शोभतं ते. त्या पुस्तकात मशीनला द्यायच्या हुकुमांच्या ओळी होत्या, त्यांच्या शेवटी मूळ कागदात काहीच नव्हतं. टाइप करणाऱ्याचा हात चुकला असेल समजून काकांनी तिथं टिंबं घातली. मी वाचताना वाजवलं नाही, तर म्हणाले, "राहू दे, ओळ उघडी बरी नाही दिसत." नमुन्याची पानं हिंगण्याला गेली आणि तिथला साहेब स्कूटरवर धावत आला. पुस्तकात बघून त्यांच्या माणसानं टिंबसुद्धा टाइप केलं होतं. मशीन म्हणालं, हुकूम चूक.

काकांनी चिमटा हातात घेतला. जुळवलेली पानं पुन्हा उघडायला लावली. चिमट्यानं एकेक टिंब उपसायचं, तिथं कोरा खिळा बसवायचा. मी वैतागलो. म्हटलं, "काका, एवढ्याशा टिंबापायी काहून जीव काढता?"

तेव्हा ते बोलले, ते मी विसरलेलो नाही. "तिकडं कोणी पोरगं बसलं राहीन. पुस्तकात जसं आहे तसं मारीन. मशीन म्हणीन चूक. ते समजीन, आपणच बुद्धू. त्याले काय मालूम, चूक आपली आहे म्हणून?"

मी शाळा का सोडली, ते काकांना मी कधी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असेल?

त्यानंतर ते दर ओळीला एकच विचारायचे. "हे टिंब माणसासाठी का मशीनसाठी?" मूळ कागद दाखवला तरी विचारायचे. खिळे जुळवणारे कंपोझिटर त्यांची टर उडवायचे. चहाचा कप पुढं करून म्हणायचे, "काका, साखर माणसासाठी का मशीनसाठी?" काका म्हणायचे, "मशीनसाठी. मले बिनसाखरेचा दे."

मी एका जागी टिकणारा माणूस नाही. पुस्तक अर्धं झालं आणि मला वापीचं काम लागलं. निघताना वाटलं, आता रागावतील. काका एवढंच म्हणाले, "जा. पण हे पान संपव अन् जा." ते पान मी संपवलं आणि गेलो. पुढची पानं मंगलानं वाचली. घरी स्वयंपाक आटोपून यायची आणि बापासमोर बसून टेबल वाजवायची.

काल काकू मला म्हणाल्या, "काहून रे शंकर, त्या टिंबांचं कोणाले काय पडलं होतं? टिंबांनी खाल्लं त्याईले." डोळे अधू झाले होते त्यांचे, हे खरं आहे. शेवटी शेवटी खिळा बोटानं चाचपून बघायचे, हेही खरं. काकू, मी तुम्हाला खोटं सांगून समजूत घालणार नाही.

पण मालक, एक बोलतो. तुम्ही समोर बसला आहात म्हणून समोरच बोलतो, रागावू नका. त्या पुस्तकाच्या शेवटच्या धड्याची पानं जुळवून तशीच पडली आहेत. तुम्ही म्हणालात, हिंगण्याची घाई आहे, न वाचता छपाईच्या मशीनवर चढवू, टिंबाटिंबानं कोणाचं काय अडतं? तुमचीही अडचण आहे. पण ती पानं तशी छापू नका. उद्याची गाडी मी सोडली आहे. कारखान्यात काय ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेईन. उद्या सकाळी मी वाचतो आणि मंगला ऐकेल. मंगला, तुला जमते वं. प्रूफवर बोट ठेवायचं आणि घाई करायची नाही.

ती पानं झाली की मी जाईन. मी राहणारा नाही, हे काकांना माहीत होतं, तुम्हालाही असू द्या.

आता सगळे उभे राहा. मी या टेबलावर दोनदा वाजवतो, पानाच्या शेवटच्या फुलस्टॉपला वाजवायचो तसं. त्यावर समोरून आवाज येणार नाही. काकांना "चाल समोर" म्हणायला जेवढा वेळ लागायचा, त्याहून थोडा जास्त वेळ आपण गप्प राहू. मग मंगला "चाल समोर" म्हणेल, तेव्हा बसा.