बाजरी खाणाऱ्या कालवडी

मी मूळची श्रीरामपूरकडची, वडील गुरांचे डॉक्टर, त्यामुळे शेणाचा वास मला कधी वास वाटलाच नाही, आणि इथे न्यू जर्सीत आले तीही जनावरांच्या आहारावर रिसर्च करायला, पण पार्सिपनीच्या आपल्या मंडळींना हे सांगायची चोरी, प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून एकत्र जेवायला जमलं की, तोच प्रश्न, अगं मग जॉब काय करणार, आणि सुलभाकाकू तर सगळ्यांदेखत म्हणायच्या, गुरंच वळायची होती तर व्हिसा कशाला घालवलास. तिथल्या बायकांचे नवरे सगळे कॉम्प्युटरवाले, हसायचे. हसू देत. दूध फ्रीजमध्ये उगवतं असं समजणारी माणसं ती.

त्या उन्हाळ्यात पाऊसच नव्हता, मका उभा वाळला, युनिव्हर्सिटीच्या गोठ्यातल्या कालवडींना घालायचं काय म्हणून माझ्या गाइड सरांनी बाजरी लावली, दाण्याची नव्हे, चाऱ्याची, कमी पाण्यात तरारून येते ती. निम्म्या कालवडींना बाजरी, निम्म्यांना गेल्या वर्षीच्या मक्याचा मुरवून ठेवलेला चारा, मुरघास, रोज मोजून घालायचं, उरलेलं परत मोजायचं, मग वजनं घ्यायची. माझी डिग्री त्या वजनांवर अडकलेली. आणि पॉटलकला सांगितलं तर, काय सांगू तुम्हाला, बाजरी, यार, अमेरिकेत बाजरी, म्हणून लोकांची तेवढीच करमणूक.

मग आली वसुबारस. लगेच सुलभाकाकूंचा फोन, अगं तुझ्याकडे गायी आहेत ना, आम्ही सगळ्या येतो पूजेला. मी म्हटलं या, पण काकू, खायला काही घालायचं नाही, ट्रायल चालू आहे. हो गं हो, म्हणाल्या. आल्या पैठण्या नेसून आणि नाकाला रुमाल लावून. वासरासकट गाय हवी म्हणे. इथे वासरू जन्मलं की वेगळं करतात म्हटलं तर माझ्याकडेच अशा बघायला लागल्या, जसं काही मीच तोडलं. मग म्हणाल्या, कालवड चालेल, फोटोत काय कळतंय. माझ्या बाजरीवाल्यांत एकीच्या कपाळावर पांढरा चांद, तीच सगळ्यांना हवी. मी वजनकाट्याकडे गेले तेवढ्यात प्रत्येकीने डब्यातल्या पुरणपोळ्या तिच्या तोंडात कोंबल्या. स्वतःला त्या दिवशी गहू चालत नाही म्हणून घरी बाजरीची भाकरी खाणाऱ्या बायका ह्या, आणि बाजरी खाणाऱ्या जनावराला गव्हाच्या पोळ्या. अकलेचा नुसता उजेड.

संध्याकाळी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टरने नळी घालून वायू काढला, मी तिची मान धरून रडत होते, डिग्री तेव्हा आठवलीसुद्धा नाही. वाचली ती. पण ट्रायलमधून बाद, आणि एक गेली की हिशेब लंगडा, सर म्हणाले पुढच्या वर्षी पुन्हा लाव. माझं अख्खं वर्ष गेलं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, अगं देवाचं असतं, त्याने काही होत नाही, आणि फोटो छान आलेत, पाठवू का.

पुढच्या वर्षी परत बाजरी लावली, कालवडी मक्यावाल्यांइतक्याच वाढल्या, डिग्री मिळाली, आता तिथेच नोकरी करते. चांदवाली व्याली, दुधावर आहे. वसुबारसेला काकूंचा फोन येतोच. मी या म्हणते. डबे गाडीत ठेवायला लावते, सगळ्यांना कुंपणाबाहेर उभं करते आणि हातात बाजरीची एकेक पेंढी देते. चांदवाली काकूंच्या हातातून ती ओढून घेते आणि पैठणीला लाळ पुसते. देव त्यांना सुखात ठेवो, माझं काही म्हणणं नाही. फक्त कुंपणाच्या पलीकडे ठेवो.