मेंडोलिन नांदायला येतं

आता तुम्हीच सांगा, दुकानात जायचं, वस्तू बघायची, पैसे द्यायचे आणि पिशवीत घालून घरी यायचं, ही जगाची रीत आहे की नाही? मला नुसतं मेंडोलिन घ्यायचं होतं हो. पण गाठ पडली ती करावे गावच्या बाळारामशी. हा माणूस पूर्वी मासेमारीच्या होड्या बांधायचा, आता त्याच पडवीत बसून मेंडोलिनं घडवतो. मी नेरूळहून स्कूटर काढून गेलो, तर कोपऱ्यात गोधडीवर एक वापरलेलं मेंडोलिन निजवलेलं. म्हटलं, मी हौसेराव, नेरूळचा; हे द्या, जुनं चालेल. बाळारामनं पटाशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ती नांदली नाय."

नांदली नाही म्हणजे? तर म्हणे पनवेलच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला दिली होती. बाळाराम सहज भेटायला गेला, तर त्यानं ती टीव्हीच्या वर खिळ्याला लावलेली. "फोटूसारखी, हौसेराव. वर हार घालाचा तेवढा रायला व्हता." पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि घेऊन आला परत.

आमच्या हॉलमध्येही एक फोटो आहे, त्याला हार आहे... असो.

तेवढ्यात आतून त्याची बायको, मैनाबाई, हात पुसत आली. "घरान कोन कोन हाय?"

म्हटलं, मी एकटाच. मिसेस वारल्या.

"मंग दिवसभर हिच्यासोबत कोन?"

मला नुसतं मेंडोलिन घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर उज्ज्वला गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकतो. म्हटलं, काहीतरी वाजलं पाहिजे, मी वाजवलं तरी चालेल. पण हे असं कुणाच्या पडवीत उभं राहून सांगता येतं का? मी म्हटलं, संध्याकाळी महाप्याच्या कंपनीतून सुटलो की घरीच असतो. बाळाराम म्हणाला, "बघू. कलवतो."

कळवतो! आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं चक्क चौकशी केली. आमच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, खालच्या मजल्यावर सुमित्राबाईंकडे, तोच नंबर मी देऊन आलो होतो. त्या रात्रपाळीच्या पोलिसासारख्या मला जिन्यात अडवून सांगतात, "भावजी, तुमच्याबद्दल विचारत होते. मी म्हटलं, माणूस सज्जन आहे, पीत नाही, फक्त कपडे नीट पिळत नाही, सगळं पाणी आमच्या पापडांवर." म्हणजे गेलं की नाही माझं स्थळ?

नाही गेलं. रविवारी दोघं नवराबायको घर बघायला हजर. मी पोहे केले, हो, मीच केले, जरा लगदा झाला. बाळारामनं पोह्यांकडं बघितलंच नाही, तो भिंतीला तळहात लावून ओल बघत होता, ऊन कुठून येतं बघत होता, टीव्हीच्या वर खिळा आहे का तेही बघून घेतलं. मग मेंडोलिन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "वाजवा."

वाजवलं. कठड्यावरचा कावळा उडून गेला. बाळारामनं डोळे मिटले, आनंदानं नव्हे. म्हणाला, "तुमाला येत नाय."

"नाही येत," मी म्हटलं. "रोज वाजवीन. वाईटच वाजवीन, पण भिंतीवर नाही लावणार."

परीक्षेला बसल्यासारखा मी ताठ बसलो, आणि तेही एका लाकडी वाद्यासाठी, या वयात! शेवटी मैनाबाई उठल्या. "गुंडालाला कापूर हाय का? जुनी, सुती?" कापूर म्हणजे कापड, मी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात सुती असं एकच होतं, साड्या. उज्ज्वलाची निळी सुती साडी काढून दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, "मऊ हाय," एवढंच म्हणाल्या, मेंडोलिन तिच्यात गुंडाळलं आणि माझ्या पलंगावर नेऊन ठेवलं. बाळाराम पोहे खायला बसला. झालं, ठरलं.

संपलं असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं. मला नुसतं मेंडोलिन घ्यायचं होतं. चांगलं उन्हाळाभर रोज वाजवलं, सुमित्राबाई खालून छत ठोकायच्या, घरात आवाज होता. आणि जरा कुठं एक सूर सरळ लागायला लागला, तर आखाड लागायच्या आदल्या दिवशी बाळाराम दारात. "न्यायला आलो."

"कुणाला?"

"नवी नवरी पहिला आखाड सासरी काढत नाय. आनि पावसान लाकूड फुगतं."

आता रीत म्हणून पाठवावं की लाकूड म्हणून? दोन्हीकडून मीच अडकलो. तेव्हापासून दर रविवारी करावेला जातो, निदान बघायला तरी. मला खुर्ची देतात, पंखा माझ्याकडं वळवतात, जिताडा मासा करतात, आणि बाळाराम समोर बसून असं वाजवतो की गल्ली थांबते. परवा मीही हात पुढं केला. त्यानं मेंडोलिन हळूच मागं घेतलं. म्हणाला, "जावयानं सासऱ्याच्या घरान कामाला हात लावाचा नसतो."

"मग मी करायचं तरी काय?"

मैनाबाईंनी ताटात जिताड्याची आणखी एक तुकडी टाकली. "जेवा तुमी."

जेवतो झालं.