कोरसमधली रिकामी ओळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे गाण्याचे मास्तर, जमलेले पालक आणि पडद्याआडून डोकावणाऱ्या माझ्या पोरांनो,

मी या नाटकमंडळाची कपडे शिवणारी. माईकपेक्षा सुई बरी, निदान शिट्ट्या तरी मारत नाही! पण मास्तरांना निरोप द्यायचा, तर मला बोलायलाच हवं. का, ते जुन्यांना ठाऊक आहे. नव्यांना आज सांगते.

आपल्या संगीत नाटकात सगळी मुलं गातात, "दारावर कोण? दारावर कोण?" आणि पुढची ओळ कुणीच गात नाही. ती माझ्या मुलीची होती. "मी आले, दार उघडा." ती तापानं गेली, त्यानंतर मास्तरांनी ती ओळ कुणालाच दिली नाही. पियानोवरचे हात उचलायचे, तेवढा वेळ थांबायचं, मग पुढे. नव्या मुलांना वाटायचं, इथे श्वास घ्यायचा असतो. मी दर प्रयोगाला विंगेत डोळे मिटून उभी राहायची. त्या शांततेत ती गायची हो, अगदी स्पष्ट!

यंदा ऐकूच येईना. नुसते पोरांचे श्वास. आईनं लेकीचा आवाज विसरावा? माझा जीव अर्धा झाला. त्यात आता मास्तरही निघाले. ती ओळ आठवणारं उरणार कोण?

परवाच्या प्रयोगात काय झालं, तुम्ही पाहिलंत. यंदाच आलेली आमची चिमणी. कोरसनं विचारलं, दारावर कोण? हिनं खणखणीत सांगितलं, "मी आहे ना!" आता तिचं काय चुकलं? विचारलं की उत्तर द्यावं, हेच ना आपण शिकवतो? मोठी मुलं तिच्यावर तुटून पडली. माझ्या मांडीवर ढसाढसा रडली बिचारी. म्हणाली, "मावशी, मी कुणाची जागा घेतली?"

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं आपण दारावर कोण म्हणून विचारतोय, आणि कुणी आलं तर त्यालाच गप्प करतोय.

मास्तर, माझ्यासाठी तुम्ही ती जागा राखलीत, हे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. आता जाता जाता एवढं एक करा. पियानो समोरच आहे. चिमणीला बोलवा आणि माझ्या लेकीची ओळ तिला शिकवा. इथेच, माझ्यादेखत.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, फार आभार. समारंभात बोलू नये ते बोलले असेन, तर पोटात घाला. मी बसते. आज मला डोळे उघडे ठेवून ऐकायचंय.