वही परांजपेकाकांकडे होती

तुम्ही आज हॅकर म्हणून मिरवता, पण आमच्या हॅकर ग्रुपचं इतिवृत्त असायचं, माहितीये? इंटरनेट नवीन आलेलं तेव्हा. डोंबिवलीत दर रविवारी सकाळी एका क्लासच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमायचो. ग्रुप मी चालवायचो, पण वही परांजपेकाकांकडे. काका रिटायर्ड, सोसायटीचे जुने सेक्रेटरी. आधी ते मागचं इतिवृत्त वाचणार, ते कायम करायचं, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, मगच कॉम्प्युटर चालू.

मी सांगून थकलो, "काका, आपलं असलं काही लिहून ठेवायचं नसतं हो!"

"सभा म्हटली की इतिवृत्त आलंच," काका म्हणायचे.

एका रविवारी एक अनोळखी माणूस येऊन बसला. काकांनी कौतुकाने त्याच्यापुढे सहीसाठी वही धरली. त्याने सही केलीच नाही. मागचं पान उलटून मोठ्याने वाचायला लागला, "एका इंटरनेट खात्याचा पासवर्ड मालकाच्या नकळत शोधून दाखवण्यात आला. प्रात्यक्षिक सादर करणारे..." पुढे माझं नाव. पत्त्यासकट!

त्याने ओळखपत्र काढलं. सब-इन्स्पेक्टर.

"मालकाची तक्रार आलीये. आम्ही महिनाभर शोधतोय, आणि तुम्ही लिहूनच ठेवलंय?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "इतिवृत्त वाचून झालं. कायम करायचं का?"

आणि सवयीने काकांचा हात वर गेला.

"माझं अनुमोदन!"