रविवारच्या बरगड्या

कस्तुरा : खोटं बोलू नको. लसूण घातलास, गूळ घातलास, टोमॅटोचा सॉस ओतलास, ते सगळं बघितलं मी. त्या सगळ्याच्या खाली काय हाय?

करिष्मा : आई, झाकण नको उचलूस. वाफ गेली की पुन्हा तापायला वेळ लागतो.

कस्तुरा : वाफेचं मरू दे. शिट्टी न्हाई, जाळ न्हाई, सकाळपासनं नुसतं बसलंय ते विजेचं भांडं. आन तू पण त्याच्यापुढं तशीच बसलीयस. देहूरोडवरनं आल्यापासनं तोंड पांढरं पडलंय तुझं. काय आणलंस तिथनं?

करिष्मा : पोर्क.

कस्तुरा : मराठीत सांग.

करिष्मा : डुकराच्या बरगड्या आहेत.

कस्तुरा : अगं बया! माझ्या ओट्यावर?

करिष्मा : हळू ना. शेजारच्या काकू घरी आहेत.

कस्तुरा : मी हळू बोलू? लग्न होऊन आल्यापासनं ह्या घरात डुकराचं नाव निघालं न्हाई! तुझ्या अप्पांना कळलं तर भांड्यासकट खिडकीतनं फेकून देतील. उचल. ते चाकणवरनं यायच्या आत उचल.

करिष्मा : अप्पा चाकणला नाहीत.

कस्तुरा : न्हाईत म्हंजे? आज रविवार हाय. ह्यांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची. सकाळी डबा घेऊन गेले माझ्यासमोर.

करिष्मा : मी त्यांना बघितलं आज.

कस्तुरा : कुठं? काय झालं? पडले का गाडीवरनं? करिष्मा, बोल पटकन.

करिष्मा : बरे आहेत, काही झालेलं नाही. तू बस आधी. त्या स्टुलावर बस. मी ह्या बरगड्या ज्या दुकानातून आणल्या ना, अप्पा तिथं होते.

कस्तुरा : हे? डुकराच्या दुकानात? काय घ्यायला?

करिष्मा : घ्यायला नाही गं. काउंटरच्या आत होते. रबराचा एप्रन, हातात सुरा. ह्या बरगड्या त्यांनीच तोडून दिल्यात मला.

कस्तुरा : दुसरा कुणीतरी असंल.

करिष्मा : आई.

कस्तुरा : एकासारखी एक माणसं असत्यात. गर्दीत नीट दिसलं नसंल तुला.

करिष्मा : एप्रनच्या आत कंपनीचा निळा शर्ट होता. कॉलर तू काल शिवलीस तोच. आणि मला माझे अप्पा ओळखू येणार नाहीत का?

कस्तुरा : मग? काय बोलले?

करिष्मा : मॅडम म्हणाले.

कस्तुरा : आँ?

करिष्मा : ‘किती देऊ, मॅडम?’ असं म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून.

कस्तुरा : तुला?

करिष्मा : मला. माझ्याबरोबर स्वरूपा होती, ऑफिसमधली. ते दुकान तिनंच शोधलं, तिच्याच स्कूटरवर गेलो. संध्याकाळी ती इथं जेवायला येणार आहे, सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. अप्पांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि मॅडम म्हणाले. बरगड्यांच्या मागं एक पातळ पडदा असतो, तो खसकन ओढून काढला. म्हणाले, हा राहिला की चिवट लागतं. मग कागदात गुंडाळून दिलं.

कस्तुरा : आन तू काय म्हणालीस?

करिष्मा : थँक्यू.

कस्तुरा : थँक्यू?

करिष्मा : पैसे दिले, थँक्यू म्हटलं आणि निघाले. अप्पा हा शब्द तोंडातून निघालाच नाही, आई. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. गाडीवर स्वरूपा काहीतरी बोलत होती, मला एक अक्षर कळलं नाही. घरी आले, आणि काय करावं तेच सुचेना. मग व्हिडिओत दाखवलं होतं तसं करत सुटले. खाली कांदा, वर बरगड्या, त्यावर सॉस, मोहरी, व्हिनेगर. बटण दाबलं. तेव्हापासून ते शिजतंय आणि मी बघत बसलेय.

कस्तुरा : बस बंद झाली म्हणाले होते.

करिष्मा : कोण?

कस्तुरा : हे. दिवाळीच्या टायमाला. कंपनीनं बस बंद केली, आता गाडीवर जाणार म्हणाले. मी म्हटलं असंल बाई. आन रोज घरी येताना डोकं ओलं. लिंबाच्या साबणाचा वास. विचारलं तर म्हणाले, कंपनीत नवीन बाथरूम बांधलीय, अंघोळ करून येतो. तवापासनं माझ्या मनात भलताच संशय. मला वाटलं, ह्या वयात ह्यांनी कुठंतरी बाई केली.

करिष्मा : आई! काहीही काय?

कस्तुरा : मग काय वाटणार? बाईच वाटणार. डुक्कर कसं वाटंल? जगात कुठलंही काम करतील, पण हे न्हाई करायचे.

करिष्मा : का? हे काम एवढं वाईट आहे का?

कस्तुरा : तुला कुठं ठावं हाय.

करिष्मा : काय ठाऊक नाही मला?

कस्तुरा : तुझे आजोबा काय करायचे?

करिष्मा : खाणीत दगड फोडायचे.

कस्तुरा : दगड फोडायचे. आन डुकरं पाळायचे. बार्शीत, गावाच्या भायेर, नाल्याच्या कडंला. तिथंच कापायचे, तिथंच इकायचे. तुझे अप्पा एवढेसे होते तवापासनं त्यांच्या हातात सुरा. सकाळी डुक्कर कापायचं आन मग शाळेत जायचं. पोरं नाकं धरायची. ह्यांच्या बाकावर कुणी बसायचं न्हाई. मास्तरसुद्धा म्हणायचे, भैरू, तू दारापाशी बस, वारं येऊ दे.

करिष्मा : आणि हे मला कुणी कधीच सांगितलं नाही?

कस्तुरा : सांगायचं न्हाई असंच ठरलं होतं. आयटीआय केलं, हिकडं आले, ते पुन्हा बार्शीला राह्यला म्हणून गेले न्हाईत. लग्नाच्या आदी मला एकच अट घातली. म्हणाले, माझ्या घरात डुक्कर शिजणार न्हाई, माझ्या पोरांच्या अंगाला तो वास लागणार न्हाई. मी हो म्हटलं. माहेरी करायचो आमी, मला आवडायचं. तरी सोडलं. आन तू सांगतीस, त्याच माणसानं परत सुरा धरला?

करिष्मा : आणि मी नेमकी तीच गोष्ट विकत घेऊन आले. त्यांच्याच हातून.

(दाराची कडी वाजते. भैरू आत येतो. केस ओले आहेत.)

भैरू : गुळाचा वास येतोय.

कस्तुरा : आलात? झाली ड्युटी?

भैरू : झाली.

कस्तुरा : कुठली?

भैरू : सांगितलं वाटतं हिनं.

करिष्मा : हो, अप्पा.

भैरू : बरं केलंस. मला जमलं नसतं. दोन वेळा देहूरोडवरून निघालो, सांगायचं म्हणून. दारात आलो की बूट काढायच्या आत विचार बदलायचा.

कस्तुरा : कवापासनं?

भैरू : दिवाळीच्या आधीपासून.

कस्तुरा : दिवाळीच्या आदी? कंपनीची मिठाई घेऊन आला होता तुम्ही! मी चाळीत सगळ्यांना वाटली, कंपनीची म्हणून!

भैरू : विकत आणली होती. चिंचवडमधून.

कस्तुरा : विकत? आन डब्यावर कंपनीचं नाव होतं ते?

भैरू : मागच्या वर्षीचा डबा होता. जपून ठेवला होतास तूच, माळ्यावर.

कस्तुरा : ऐकलंस का गं? ऐकलंस? माझ्याच माळ्यावरचा डबा!

करिष्मा : पण कंपनीत झालं काय, अप्पा? तुम्ही तर परमनंट होता.

भैरू : आमची लाइनच बंद केली. मशिनी उचलून दुसऱ्या राज्यात नेल्या. मशीन नाही तर माणूस काय करणार? हॉलमध्ये बोलावलं, सह्या घेतल्या, एकरकमी पैसे दिले, शाल दिली. पगार म्हणून घरच्या खात्यात येतात ते त्यातलेच. मीच टाकतो. शाल पिंटूकडं ठेवलीय.

करिष्मा : पिंटू कोण?

भैरू : आमच्या कँटीनमध्ये होता. त्याचंही गेलं. दुकान त्याचं आहे.

कस्तुरा : दुसरं काम नव्हतं जगात?

भैरू : शोधलं की. म्हाळुंगे, निघोजे, पार तळेगावपर्यंत गेटागेटानं फिरलो. वय विचारतात आणि तिथूनच परत पाठवतात. एक दिवस पिंटूकडं चहा प्यायला बसलो. त्याचा माणूस आला नव्हता. पिंटू स्वतः तोडत होता, सगळं फाटत होतं त्याच्या हातून. मला बघवेना. म्हटलं, आण इकडं.

कस्तुरा : आन लगेच धरलात सुरा.

भैरू : धरला. आणि हात चालायला लागले, कस्तुरा. पोरगा होतो तेव्हा ठेवलेला सुरा. मला वाटलं होतं, विसरलो असेन. हात काही विसरले नव्हते. कुठं सांधा, कुठं घाव, सगळं आपोआप. मीच हबकलो. रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसलो नुसता. घाम फुटला होता. पिंटूला वाटलं, ॲटॅक आला मला.

करिष्मा : तरी दुसऱ्या दिवशी गेलात?

भैरू : गेलो. घरी काय सांगणार होतो? आणि खरं सांगू, तिथं कुणी नाक धरत नाही आता. आयटीवाले येतात, कोरियन साहेब येतात. मोठ्या गाडीतून बायका उतरतात, नाव घेऊन मागतात, रिब्स. भैयाजी म्हणतात मला. पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणताहेत म्हणून.

करिष्मा : मग मला मॅडम का म्हणालात?

भैरू : तुझी मैत्रीण होती ना शेजारी.

करिष्मा : म्हणून?

भैरू : तू तिला माझ्याबद्दल काय सांगितलंयस मला काय ठाऊक?

करिष्मा : सांगितलंय की अप्पा कंपनीत सुपरवायझर आहेत.

भैरू : मग. मी ओळख दाखवली असती, तर तुलाही दाखवावी लागली असती. एवढ्या माणसांत, माझ्या त्या अवतारात. तुझ्यावर ती वेळ नको म्हटलं.

करिष्मा : पण ते माझं मी ठरवायला हवं होतं! मी अप्पा म्हणायला हवं होतं तुम्हाला. तुम्ही मला बाजूला जायला वाट करून दिलीत, आणि मी गेले. गेलेच. थँक्यू म्हणून.

भैरू : थरथरत होतीस तू. नोटा देताना बोटं लटपटत होती. मला वाटलं, पडतेस की काय तिथं.

कस्तुरा : आन माझं काय? रोज सकाळी उठून डबा भरला मी. त्या दुकानात बसून माझी मेथीची भाजी खाल्लीत?

भैरू : खाल्ली.

कस्तुरा : मला वाटलं, बाई केली तुम्ही!

भैरू : बाई? मी?

कस्तुरा : लिंबाच्या साबणानं न्हाऊन येता रोज! रात्र-रात्र डोळा लागला न्हाई माझा. देवाला म्हटलं, काय असंल ते असू दे, घर तेवढं मोडू नको.

भैरू : कस्तुरा, अगं...

कस्तुरा : माझ्याशी बोलू नका. पोरी, झालं का ते भांडं? उघड.

करिष्मा : आई, आत्ता?

कस्तुरा : उघड म्हणते ना.

करिष्मा : थांब, सांडशी दे. बघ, मांस हाडापासून सुटायला आलंय. अजून वरून तव्यावर भाजायचं असतं, सॉस जरा चिकट होईपर्यंत.

कस्तुरा : भाजू नको. असंच दे ताटलीत.

भैरू : तू खाणार?

कस्तुरा : खाणार. तुमच्या शब्दाखातर सोडलं होतं. तुम्हीच सोडायला लावलं, तुम्हीच परत धरलंत. दोन्ही वेळा मला विचारलं न्हाई. आता मी पण विचारत न्हाई.

करिष्मा : गरम आहे, आई. फुंकर घाल.

कस्तुरा : गोड हाय. तिखट कमी घातलंस. पण असं मऊ आमच्या चुलीवर कधी झालं न्हाई. हाड नुसतं हातात येतंय.

करिष्मा : रडतेस कशाला मग?

कस्तुरा : तिखट लागलं.

भैरू : आत्ता तर म्हणालीस, तिखट कमी आहे.

कस्तुरा : तुमच्याशी बोलत न्हाई मी.

करिष्मा : अप्पा, तुम्ही पण घ्या ना. एवढीशी.

भैरू : नको. दिवसभर तेच हातात असतं, खाववत नाही. आणि तुझी मैत्रीण येईल आता. मी जरा खाली जाऊन बसतो. ती गेली की हाक मार.

करिष्मा : कुठं नाही जायचं.

भैरू : अगं, ती ओळखेल मला. सकाळी समोर उभी होती.

करिष्मा : बसा म्हणते ना. बूट काढा. मी फोन लावते तिला.

भैरू : फोन कशाला? करिष्मा, थांब. उगाच विषय नको. करिष्मा!

करिष्मा : हॅलो, स्वरूपा? हो, घरीच आहे. निघालीस का? नाही नाही, कॅन्सल नाही. ऐक ना, मला काहीतरी सांगायचंय, आधी नुसतं ऐक. सकाळी त्या दुकानात ज्यांनी आपल्याला बरगड्या तोडून दिल्या ना, ते माझे अप्पा आहेत. हो. वडील. माझे वडील. हॅलो? आहेस ना? ... काय? ... तिथंच? मग तू बोलली का नाहीस? ... बरं. बरं. नाही, मी ठीक आहे. ये तू.

कस्तुरा : काय म्हणाली गं? येती का न्हाई?

करिष्मा : तिला दुकानातच कळलं होतं.

भैरू : कसं?

करिष्मा : म्हणाली, तुझं नाक आणि त्यांचं नाक अगदी एक आहे. आणि दोघांचे हात सारखेच थरथरत होते. ती म्हणाली, तू गप्प राहिलीस म्हणून मी गप्प राहिले. गाडीवर तेच विचारत होती मला, पाणी हवंय का, थांबायचंय का. आणि मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

कस्तुरा : म्हंजे सगळ्यांना सगळं ठावं. मीच तेवढी राहिले होते.

भैरू : माझे हात थरथरत होते?

करिष्मा : ती म्हणाली तसं.

भैरू : मला नाही कळलं ते.

करिष्मा : ती निघालीय. आणि विचारतेय, पुढच्या रविवारी तिच्या घरच्यांसाठी मिळतील का बरगड्या.

भैरू : मिळतील की. फक्त आठच्या आत या म्हणावं. नंतर शिल्लक राहत नाहीत.